वाढते वय, जागते मन

एखाद्या कामावर लक्ष टिकवून धरणे ही मेंदूची एक स्वतंत्र क्षमता आहे. बुद्धी तल्लख आणि स्मरणशक्ती चांगली असली, तरी ही क्षमता ऐन वेळी दगा देऊ शकते. दूध उतू जाणे, उतरायचे स्थानक मागे पडणे, पाकिटावर चुकीचा पत्ता लिहिणे या चुका अज्ञानातून होत नाहीत. त्या क्षणी मन कामावर नसते, म्हणून होतात. मानसशास्त्रात या क्षमतेला ‘सातत्यपूर्ण अवधान’ म्हणतात. अवघड किंवा नवे काम स्वतःच लक्ष ओढून घेते. एकसुरी आणि हातवळणीच्या कामात मात्र लक्ष आतून जागे ठेवावे लागते, आणि या क्षमतेची कसोटी तिथेच लागते.

हे आतले जागेपण कुठून येते, भावनांशी त्याचा संबंध काय आणि वयाबरोबर ते कसे बदलते, या तीन प्रश्नांवर आयर्लंडमधील ट्रिनिटी कॉलेज डब्लिन येथे दोन दशकांहून अधिक काळ संशोधन झाले आहे. त्याच्या केंद्रस्थानी इयान रॉबर्टसन यांचे नाव आहे. रॉबर्टसन मूळचे स्कॉटलंडचे, प्रशिक्षणाने चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ. केंब्रिजमधील मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या केंद्रात ते मेंदूला इजा झालेल्या रुग्णांच्या पुनर्वसनावर काम करत होते. १९९९ मध्ये ते ट्रिनिटीत मानसशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथील चेताविज्ञान संस्थेचे ते संस्थापक संचालक. त्यांचे सहकारी आणि विद्यार्थी रेडमंड ओ’कॉनेल, पॉल डॉकरी, पीटर मर्फी, जोशुआ बॉलस्टर्स आणि मायकेल मेल्निचुक यांनी हे काम वेगवेगळ्या दिशांनी पुढे नेले. त्यातून निघालेले मुख्य सूत्र असे: लक्ष आणि भावना या दोन्हींच्या मुळाशी मेंदूची एकच उत्तेजन-यंत्रणा काम करते, आणि म्हणूनच वाढत्या वयाचा लक्षावर होणारा परिणाम केवळ ऱ्हासाचा नसतो.

चार मिनिटांची कसोटी

केंब्रिजमध्ये असताना, १९९७ साली, रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी सातत्यपूर्ण अवधान मोजण्याची एक चाचणी प्रसिद्ध केली. तिचे इंग्रजी लघुनाम ‘सार्ट’. पडद्यावर १ ते ९ मधले आकडे एकामागून एक येतात. प्रत्येक आकड्याला बटण दाबायचे. फक्त ३ आला की दाबायचे नाही. एकूण २२५ आकडे, त्यांत ३ हा २५ वेळा. आकडा पाव सेकंद दिसतो आणि साधारण सव्वा सेकंदाच्या आत पुढचा येतो. सगळा खेळ सव्वाचार मिनिटांत आटोपतो.

नियम लहान मुलालाही कळेल इतका सोपा, तरी निरोगी तरुणही या चाचणीत चुकतात. ठेक्यात बटण दाबता दाबता हात आपोआप चालू लागतो, दाबण्याचा वेग नकळत वाढतो आणि ३ समोर आल्यावर बोट थांबत नाही. चूक झाल्याचे त्याच क्षणी समजते, पण तोवर बटण दाबले गेलेले असते. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांच्या या चाचणीतील चुका आणि त्यांच्या घरच्यांनी सांगितलेला दैनंदिन विसराळूपणा यांत संबंध आढळला. पडद्यावरच्या चार मिनिटांतून माणसाच्या रोजच्या वागण्याचा अंदाज येऊ शकतो हे त्यातून दिसले, आणि ही चाचणी जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाऊ लागली.

लक्ष सुटण्याआधी मेंदूत काय घडते, याचा शोध ओ’कॉनेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये विद्युत-मस्तिष्क-आलेखाच्या मदतीने घेतला. चूक होण्यापूर्वी सुमारे २० सेकंदांपासूनच मेंदूतील ‘अल्फा’ लहरींचा जोर वाढू लागलेला दिसला. म्हणजे लक्ष एका क्षणात तुटत नाही. ते हळूहळू ओसरत जाते, आणि चूक हा त्या ओसरण्याचा शेवटचा टप्पा असतो.

उजवा गोलार्ध आणि एक आवाज

आतल्या जागेपणाचा धागा रॉबर्टसन यांना पक्षाघाताच्या रुग्णांमध्ये सापडला होता. मेंदूच्या उजव्या गोलार्धाला मोठी इजा झाली, की काही रुग्णांचे डावीकडच्या जगाकडे दुर्लक्ष होऊ लागते. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. दाढी उजव्या गालाचीच होते. दृष्टी शाबूत असते, पण डावीकडचे भान हरपलेले असते. याच रुग्णांमध्ये एक सर्वसाधारण सुस्तीही दिसते. हे दोन दोष वेगवेगळे मानले जात असत.

१९९८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या प्रयोगाने दोहोंना जोडले. रुग्णांना डावीकडे आणि उजवीकडे दोन दृश्ये दाखवून आधी कोणते आले ते विचारले गेले. डावीकडचे दृश्य त्यांच्या जाणिवेत सरासरी अर्धा सेकंद उशिरा पोहोचत होते. मात्र दृश्यांआधी इशाऱ्याचा आवाज केला की ही तफावत भरून निघाली. आवाज उजव्या बाजूने आला तरीही डावीकडचे भान वेगाने आले. आवाजाने रुग्णाला क्षणभर जागे केले, आणि जागे होताच अवकाशाचे हरवलेले भानही तात्पुरते परत आले. लक्ष कुठे जाते हे काही प्रमाणात मेंदू किती जागा आहे यावर ठरते, आणि हे जागेपण राखण्यात उजव्या गोलार्धाचा वाटा मोठा आहे, असा याचा निष्कर्ष.

निळा ठिपका

या जागेपणाचे उगमस्थान मस्तिष्कस्तंभात आहे. ‘लोकस सेरुलियस’ नावाचे हे केंद्र दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम ५० हजार चेतापेशींचे असते. पेशींतील रंगद्रव्यामुळे ते निळसर दिसते. संपूर्ण मेंदूतील अब्जावधी पेशींपुढे ही संख्या नगण्य, पण त्यांचे तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेले असतात. नॉरअॅड्रेनलिन हे रसायन मेंदूला मुख्यतः इथूनच मिळते. अनपेक्षित आवाज, धोका, नवी गोष्ट, बक्षिसाची आशा यांपैकी काहीही समोर आले की हे केंद्र सक्रिय होते आणि मेंदूच्या इतर भागांना सावध करते.

हे केंद्र इतके खोल आणि इतके लहान, की जिवंत माणसात त्याचे काम पाहणे अवघड. त्यासाठी ट्रिनिटीच्या गटाने डोळ्याच्या बाहुलीचा आधार घेतला. उजेड तोच असतानाही मन उत्तेजित झाले की बाहुली विस्फारते. २०११ मध्ये मर्फी, रॉबर्टसन, बॉलस्टर्स आणि ओ’कॉनेल यांनी २४ व्यक्तींना ३७ मिनिटे एक कंटाळवाणे काम दिले. एकसारख्या आवाजांत अधूनमधून येणारा वेगळा आवाज त्यांना ओळखायचा होता. बाहुली मध्यम आकाराची असताना कामगिरी सर्वांत चांगली होती आणि मेंदूचा विद्युत-प्रतिसादही सर्वांत मोठा होता. ती फार लहान असताना किंवा फार मोठी असताना दोन्ही घसरले. २०१४ मध्ये याच गटाने मेंदूचे प्रतिमांकन करून बाहुलीच्या आकारातील चढउतार लोकस सेरुलियसमधील हालचालींशी मिळतेजुळते असल्याचे दाखवले.

भावना आणि लक्ष यांचा एकच स्रोत

मध्यम पातळी सर्वोत्तम, हा नियम मानसशास्त्रात जुना आहे. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांना विजेचे झटके देऊन तो मांडला. अवघड काम शिकताना मध्यम झटका सर्वांत उपयोगी ठरला. फार सौम्य किंवा फार तीव्र झटक्याने शिकणे मंदावले. उत्तेजनाचे प्रमाण आमटीतल्या मिठासारखे असते: कमी पडले तर बेचव, जास्त झाले तर वाया.

भावना आणि लक्ष यांची गाठ इथे पडते. भीती, राग, उत्साह, उत्कंठा या सगळ्या भावनांत शरीराचे उत्तेजन वाढते, हृदयाचे ठोके जलद होतात, तळहात ओले होतात. कंटाळा आणि खिन्नता यांत ते खाली जाते. उत्तेजन खाली गेले की लक्ष ओसरते. ते फार वर गेले की लक्ष काळजीच्या विषयाला चिकटून राहते आणि हातातल्या कामासाठी उरत नाही. चिंताग्रस्त माणूस पुस्तकाचे पान तीनदा वाचतो आणि तरी काय वाचले ते सांगू शकत नाही, त्याचे कारण हेच.

रॉबर्टसन यांनी २०१६ मधील ‘द स्ट्रेस टेस्ट’ या पुस्तकात यातून पुढचे पाऊल टाकले. उत्तेजनाची शारीरिक लक्षणे वेगवेगळ्या भावनांत बरीच सारखी असतात. त्यांना भीती म्हणायचे की उत्साह, हे काही अंशी माणसाच्या हातात असते. हार्वर्डमधील अॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग याला पुष्टी देतात. गाणे, भाषण किंवा गणिताच्या परीक्षेपूर्वी ज्यांनी स्वतःला ‘मी उत्साहित आहे’ असे बजावले, त्यांची कामगिरी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. छातीतली धडधड तशीच राहिली. तिचा लावलेला अर्थ तेवढा बदलला. रॉबर्टसन यांच्या मते मध्यम प्रमाणातला आणि आवाक्यातला ताण मेंदूला हितकारक असतो. दीर्घकाळ चालणारा, हाताबाहेर गेलेला ताण मात्र हानी करतो.

वयाचा आलेख

वयाबरोबर लक्ष कमी होते, हा सर्वसाधारण समज अर्धाच खरा आहे. ट्रिनिटीतील लॉरा मॅकअॅव्हिन्यू आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १२ ते ७५ वर्षे वयाच्या ११३ व्यक्तींची तपासणी केली. त्यांनी अवधानाचे तीन पैलू वेगळे मोजले: एका वेळी किती माहिती टिपता येते, हवे तेवढेच निवडता येते का, आणि लक्ष किती टिकते. एका वेळी माहिती टिपण्याची क्षमता वयाबरोबर सर्वाधिक घटली. निवड आणि सातत्य यांतील घट त्या मानाने कमी होती. शिवाय सातत्याचा आलेख सरळ उतरता नव्हता. तो मध्यमवयात सुधारून पुढे घसरणारा होता.

हाच कल अमेरिकेतून आलेल्या मोठ्या पाहणीतही दिसला. फ्रान्सेस्का फोर्टेनबॉ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दहा हजारांहून अधिक लोकांची सातत्यपूर्ण अवधानाची चाचणी इंटरनेटवरून घेतली. चाळिशीच्या सुरुवातीपर्यंत ही क्षमता सुधारत राहते आणि नंतर हळूहळू उतरते, असे त्यात आढळले. वयाबरोबर कामाची पद्धतही बदलते. तरुण वेगाने उत्तर देतात आणि चुकतात. वय वाढेल तसा माणूस सावध होतो, थोडा थांबून अचूकता राखतो. म्हातारपणाचा संथपणा सगळाच दुर्बलतेचा नसतो. काही अंशी तो निवडलेला असतो.

कमी भरकटणारे मन

सर्वांत अनपेक्षित निष्कर्ष मनाच्या भरकटण्याबद्दल आहे. काम चालू असताना मन दुसरीकडे जाणे हा लक्षाचा दोष मानला, तर वृद्धांचे मन अधिक भरकटायला हवे. ट्रिनिटीतील कॅथरिन मोरन, पॉल डॉकरी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच्या उलट चित्र दिसले. काम करताना मधूनच थांबवून ‘आत्ता मन कुठे होते?’ असे विचारले असता ज्येष्ठांचे मन तरुणांपेक्षा कमी वेळा भरकटलेले आढळले. बौद्धिक चाचण्यांत काही बाबतींत ज्येष्ठ मागे होते; तरीही चिंता आणि मनाची अस्वस्थता त्यांच्यात कमी होती, आणि कामात मन घालण्याची तयारी अधिक होती. क्षमतेतील घट शांत मनाने आणि इच्छेने काही प्रमाणात भरून काढली होती. भावना आणि लक्ष एकाच यंत्रणेवर चालतात या सूत्राचा हा वयाशी जोडलेला पुरावा.

वृद्धांच्या भावनिक स्थैर्यावरचे काम अमेरिकेत आधीपासून चालू होते. स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन यांचा सिद्धांत असा, की हाती उरलेला काळ मर्यादित वाटू लागला की माणूस नवी माहिती आणि नव्या ओळखी गोळा करण्यापेक्षा जिव्हाळ्याच्या, अर्थपूर्ण गोष्टींना प्राधान्य देतो. त्यांनी आणि मारा मॅदर यांनी २००३ मध्ये लोकांना एक भावदर्शक आणि एक निर्विकार चेहरा शेजारी दाखवला. ज्येष्ठांचे लक्ष नकारात्मक चेहऱ्यापासून दूर वळत होते आणि आनंदी चेहरे त्यांच्या अधिक लक्षात राहत होते. तरुणांत हा कल नव्हता. याला केवळ मनाचा सौम्यपणा म्हणता येत नाही. मॅदर आणि मारिसा नाइट यांनी २००५ मध्ये दाखवले, की ज्येष्ठांचे लक्ष दुसऱ्या कामाने विभागले की हा कल नाहीसा होतो. म्हणजे चांगले तेच पाहण्यासाठीही लक्षावर ताबा लागतो. भावना लक्षाला दिशा देते, तसेच लक्ष भावनेला सावरते.

पन्नाशीनंतरचे आयर्लंड

प्रयोगशाळेत येणारे ज्येष्ठ बहुधा सुशिक्षित आणि धडधाकट असतात. सर्वसामान्यांचे चित्र पाहण्यासाठी मोठी, दीर्घकालीन पाहणी लागते. ट्रिनिटीच्याच रोझ अॅन केनी यांच्या नेतृत्वाखाली २००९ मध्ये सुरू झालेला ‘टिल्डा’ हा आयर्लंडमधील वार्धक्याचा अभ्यास अशी पाहणी करतो. पहिल्या फेरीत देशभरातील ५० वर्षांवरील ८,१७५ व्यक्ती त्यात सामील झाल्या. दर काही वर्षांनी त्याच लोकांची पुन्हा पाहणी होते. आरोग्य तपासणीत रक्तदाब, चाल आणि हाडे यांच्याबरोबर रॉबर्टसन यांच्या चाचणीचे एक सोपे रूपही ठेवले होते. त्यात आकडे १ ते ९ अशा ठरलेल्या क्रमाने २३ वेळा येतात, आणि ३ आला की थांबायचे.

या चाचणीत उत्तराचा वेग किती कमी-जास्त होतो, हे चुकांइतकेच महत्त्वाचे ठरले. ज्यांचा वेग सतत हेलकावे खात होता, त्यांच्यात शारीरिक दुर्बलतेची लक्षणे अधिक दिसली. डब्लिनमधील ज्येष्ठांवरच्या दुसऱ्या एका अभ्यासात पडझडीचा संबंधही अशाच अस्थिर लक्षाशी आढळला. चालणे आपोआप होते असे वाटते, पण वय वाढल्यावर प्रत्येक पाऊल थोडे लक्ष मागते. ते क्षणभर सुटले की पाय अडखळतो.

टिल्डाच्या आकडेवारीतून भावनेचाही मुद्दा पुढे आला. स्वतःच्या म्हातारपणाकडे निराशेने पाहणाऱ्यांच्या काही बौद्धिक क्षमता दोन वर्षांत इतरांपेक्षा अधिक घटलेल्या आढळल्या. नैराश्य आणि आजारपण यांचा हिशेब धरल्यावरही हा फरक उरला. मात्र अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. आतून सुरू झालेली घट माणसाला आधी जाणवत असेल आणि त्यामुळे निराशा येत असेल, ही शक्यता राहतेच.

मेंदूची गंगाजळी

मेंदूत सारखेच रोगबदल असूनही एका व्यक्तीला विस्मरण जडते आणि दुसरी अखेरपर्यंत तल्लख राहते. शिक्षण, बौद्धिक काम आणि समृद्ध सामाजिक आयुष्य असलेल्यांत असा तल्लखपणा अधिक टिकतो. या साठलेल्या बळाला संशोधक ‘बोधात्मक राखीव क्षमता’ म्हणतात. ती नेमकी कशाची बनलेली असते, यावर रॉबर्टसन यांनी २०१३ मध्ये एक उत्तर सुचवले. शिक्षण, नवनव्या अनुभवांना सामोरे जाणे, गप्पागोष्टी, डोके चालवावे लागणारे काम या सगळ्यांत वारंवार नॉरअॅड्रेनलिन स्रवते. हे रसायन लक्ष जागे ठेवतेच, शिवाय चेतापेशींचे संरक्षण करते आणि नवे जोड तयार व्हायला मदत करते. आयुष्यभर असे हजारो छोटे स्राव होत राहिले तर मेंदूची गंगाजळी वाढते, असे हे प्रतिपादन.

ते अजून सिद्धांताच्या पातळीवर आहे, पण बाहेरून त्याला आधार मिळतो. हाइको ब्राक यांच्या गटाने दाखवले आहे, की अल्झायमरशी निगडित ‘टाउ’ प्रथिनातील बदल सर्वप्रथम लोकस सेरुलियससारख्या केंद्रांत आणि बऱ्याच कमी वयात दिसू लागतात. अमेरिकेतील रॉबर्ट विल्सन यांच्या २०१३ मधील अभ्यासात, मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत ज्यांच्या या केंद्रातील पेशी अधिक दाट होत्या, त्यांची बौद्धिक क्षमता हयातीत संथपणे घटली होती. मारा मॅदर आणि कॅरोलिन हार्ली यांनीही २०१६ मध्ये या केंद्राचे आरोग्य वृद्ध मेंदूसाठी मध्यवर्ती असल्याचे मांडले.

लक्ष जागे ठेवण्याचे उपाय

उत्तेजनाची पातळी स्वतःहून बदलता आली, तर लक्षही सुधारायला हवे. ओ’कॉनेल आणि रॉबर्टसन यांनी २००८ मध्ये ‘स्व-सावधता प्रशिक्षण’ आखले. त्यात सहभागी व्यक्तीला त्वचेच्या विद्युतवाहकतेचा आलेख पडद्यावर दिसतो. स्वतःला मनातल्या मनात झटकन सावध केले की आलेख उसळतो. हे जमू लागले की पडदा काढून घेतात आणि कामाच्या मध्ये अधूनमधून तीच युक्ती वापरायला सांगतात. प्रशिक्षण घेतलेल्यांचे लक्ष दिखाऊ प्रशिक्षण मिळालेल्या गटापेक्षा अधिक टिकले. अतिचंचलतेचा विकार असलेल्या प्रौढांनाही या पद्धतीचा उपयोग झाला.

दुसरा मार्ग श्वासाचा. मेल्निचुक आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्राणायामाचा थेट उल्लेख करणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. श्वास घेताना लोकस सेरुलियसची हालचाल किंचित वाढते, सोडताना कमी होते, आणि लक्षातील चढउतारही या लयीशी जोडलेले असतात. त्यावरून श्वास संथ आणि नियमित केला तर उत्तेजन मध्यम पातळीवर स्थिर राहावे, अशी मांडणी त्यांनी केली. योगपरंपरेत सांगितलेला श्वास आणि चित्त यांचा संबंध शरीरशास्त्राच्या भाषेत तपासण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. प्राणायामाचे सगळे दावे त्याने सिद्ध होत नाहीत. एक संभाव्य यंत्रणा मात्र समोर येते.

या संशोधनाला २०१५ मध्ये मोठे व्यासपीठ मिळाले. अटलांटिक फिलांथ्रॉपीज या संस्थेच्या १७ कोटी ७० लाख डॉलरच्या देणगीतून ट्रिनिटी आणि सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी मिळून ‘ग्लोबल ब्रेन हेल्थ इन्स्टिट्यूट’ स्थापन केली. रॉबर्टसन तिच्या संस्थापक सहसंचालकांपैकी एक. निरनिराळ्या देशांतील डॉक्टर, संशोधक, कलावंत आणि धोरणकर्ते यांना स्मृतिभ्रंश रोखण्याच्या कामासाठी तिथे प्रशिक्षण दिले जाते.

या सर्व निष्कर्षांना मर्यादा आहेत. तरुण आणि वृद्ध यांची एकाच वेळी तुलना केली, की दोन पिढ्यांच्या शिक्षणातील आणि राहणीतील फरकही हिशेबात मिसळतात. बाहुलीचा आकार लोकस सेरुलियसखेरीज इतर केंद्रांमुळेही बदलतो. प्रशिक्षणाचा लाभ किती वर्षे टिकतो, हे ठरवायला दीर्घ पाहणी लागते. तरीही एवढे पक्के झाले आहे, की लक्ष ही एकच ठरावीक मात्रेची शक्ती नाही. तिचे काही भाग वयाबरोबर झिजतात, काही मध्यमवयापर्यंत वाढतात, आणि काही भावनिक स्थैर्यामुळे उतारवयातही सावरले जातात. म्हणून वृद्धांच्या मेंदूचे आरोग्य पाहताना स्मरणशक्तीच्या चाचणीबरोबर त्यांची झोप, चिंता, एकटेपण, कामातला रस आणि नव्या गोष्टींशी येणारा संबंध यांचीही चौकशी व्हायला हवी.